वापरून पाहिलं: कॉलेजनिवडीची फुकटची साधनं, अकरावीच्या अख्ख्या वर्षानंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये लेक अकरावीत गेली, म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या भाषेत ज्युनियर झाली. त्याच आठवड्यात न्यू जर्सीत, आमच्या एडिसनमधल्या एका पॉटलकला तिघी आयांनी मला एकच प्रश्न विचारला, "काउन्सेलर कोण लावलाय?" काउन्सेलर म्हणजे पैसे घेऊन कॉलेजं सुचवणारा सल्लागार. मी घाबरले आणि लावला एक. त्याच्या दोन बैठका झाल्या. हातात वीस कॉलेजांची यादी मिळाली, आणि ती रँकिंगच्या पानावरून वरून खाली उतरवलेली होती. आमची ऐपत किती, लेकीला काय आवडतं, यातलं काहीच त्यात नव्हतं. दिलेले पैसे विसरायचे असं ठरवलं आणि जे फुकट मिळतं तेच घेऊन बसले. आता जून २०२५ आहे. या दहा महिन्यांत काय कामाचं निघालं आणि काय नाही, ते लिहिते.

आपल्या डोक्यात प्रवेश म्हणजे सीईटीचे मार्क, गेल्या वर्षीचा कटऑफ आणि कॅप राउंड. मार्क कटऑफच्या वर असले की जीव भांड्यात. सासूबाई नाशिकहून फोनवर अजून विचारतात, "हिला किती टक्क्यांना मिळेल ते सांगा की!" इथे कटऑफ नसतो, आणि नेमक्या या पोकळीत घाबरलेल्या आईबापांकडून पैसे काढणाऱ्यांचं फावतं. कटऑफ नसला तरी आकडे असतात. फक्त ते कुठे ठेवलेत हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त वापरलं ते 'कॉमन डेटा सेट'. बरीचशी कॉलेजं दरवर्षी एका ठरावीक साच्यात आपली माहिती भरून जाहीर करतात. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधलं की पीडीएफ मिळते. रूक्ष असते, पन्नासेक तक्ते. पण त्यातला सी-७ हा तक्ता बघाच. ग्रेड, अवघड विषय, टेस्टचे मार्क, निबंध, शिफारसपत्रं, कॉलेजबद्दल दाखवलेला रस, आईबाप तिथले माजी विद्यार्थी असणं, यांतल्या प्रत्येक गोष्टीपुढे 'अत्यंत महत्त्वाचं' पासून 'विचारातच घेत नाही' पर्यंत एक खूण असते. लेकीच्या आवडीच्या एका कॉलेजात 'दाखवलेला रस' महत्त्वाचा होता, दुसऱ्यात त्याला शून्य किंमत. मग दुसऱ्या कॉलेजचे वेबिनार ऐकण्यात रविवार घालवणं आम्ही थांबवलं.

आमच्यासारख्या घरांसाठी खरा खजिना मात्र एच-२-ए या ओळीत आहे. दोघांचे पगार, त्यामुळे गरजेवर आधारित मदत फारशी नाही, आणि वर्षाला ९०,००० डॉलरच्या पुढे गेलेलं खाजगी कॉलेज परवडतही नाही, असे आपण अधल्यामधल्या फळीतले लोक. गरज सिद्ध न झालेल्या किती मुलांना कॉलेजने स्वतःहून स्कॉलरशिप दिली आणि सरासरी किती दिली, हे ती ओळ सांगते. काही कॉलेजांत तिथे भरघोस आकडा दिसतो, काहींत शून्य. प्रिन्स्टनसकट आयव्ही लीगमधल्या आठही नामांकित विद्यापीठांत गुणवत्तेवर पैसे मिळतच नाहीत, फक्त गरजेवर. ही गोष्ट मला इथे इतकी वर्षं राहून माहीत नव्हती. "मुलगी हुशार आहे, स्कॉलरशिप मिळेलच" हे वाक्य मी मराठी मंडळातल्या किती जणांना ऐकवलं असेल!

हे आकडे कॉलेजं स्वतःच देतात, तेव्हा डोळे झाकून विश्वास नको. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने आपल्या विद्यापीठाने रँकिंगला दिलेले आकडे चुकीचे आहेत असं जाहीरपणे मांडलं, आणि त्या वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. त्यानंतर रँकिंगकडे मी हवामानाच्या अंदाजाइतपतच बघते.

दुसरं साधन 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर'. २०११ पासून कायद्यानेच जवळपास प्रत्येक कॉलेजला ते आपल्या साइटवर ठेवावं लागतं. उत्पन्न, बचत, घर, मुलांची संख्या भरली की तुम्हाला साधारण किती पडेल ते येतं. बारा कॉलेजांसाठी मी ते भरलं. काही पाच मिनिटांत होतात, काही टॅक्स रिटर्न समोर घेऊन तासभर खातात, आणि तासभरवालेच जास्त खरे वाटले. एका कॉलेजचं कॅल्क्युलेटर दोन वर्षांपूर्वीची फी धरून उत्तर देत होतं. तळाच्या बारीक अक्षरांत वर्ष लिहिलेलं होतं म्हणून कळलं.

इथेच आमची चूक उघडी पडली. फाफ्सा, म्हणजे मदतीचा सरकारी फॉर्म, दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. लेक २०२६ च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात, कॉलेजला जाणार, म्हणजे हिशेब २०२४ चा, दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचा. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही नाशिकजवळचा प्लॉट विकला होता! तो नफा इथल्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून बसला. दोन महिने थांबून जानेवारीत विकला असता तर या वर्षाच्या हिशेबात आला नसता. दहावी-अकरावीतल्या मुलांचे आईबाप हे वाचत असतील आणि गावची जमीन किंवा कंपनीचे शेअर विकायचे बेत असतील, तर आधी कॅलेंडर बघा.

पुण्यातला फ्लॅटही मोजला जातो. राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, रिटायरमेंटची खाती धरत नाहीत, पण कोथरूडचा दुसरा फ्लॅट ही गुंतवणूक. बरीच खाजगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा आणखी एक फॉर्म मागतात, आणि त्यात राहत्या घराचीही चौकशी होते. लेक इथे जन्मलेली म्हणून आम्हाला फाफ्सा भरता तरी येतो. शेजारच्या घरातला मुलगा एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहे, त्याला केंद्र सरकारच्या मदतीचा रस्ता बंदच. आमच्यासारखाच त्यांनीही कॉलेजांचा एक्सेल तक्ता केलाय, पण त्यात पहिला रकाना वेगळाच आहे.

सरकारचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' सुरुवातीला खूप वापरलं, नंतर कमी. किती मुलं पदवी पूर्ण करतात, हा तिथला आकडा मोलाचा. पण खर्चाच्या तक्त्यात १,१०,००० डॉलरच्या वरचे सगळे एकाच टोपलीत, त्यामुळे दोन पगारांच्या घराला त्यातून काही कळत नाही. आणि पदवीनंतरचा पगार म्हणून जो आकडा दिसतो, तो फक्त सरकारी मदत घेतलेल्या मुलांचा. मदत न घेतलेली आपली मुलं त्या हिशेबात नसतातच.

एसएटी, म्हणजे कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा, तिच्याबद्दल थोडक्यात. आता ती संगणकावर, २ तास १४ मिनिटांची. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं. एसएटीच्याच ब्लूबुक ॲपमधल्या सराव परीक्षा आणि खान अकॅडमी, दोन्ही फुकट. लेकीने दर दुसऱ्या शनिवारी सकाळी एक, बस. १३४० वरून मार्चमध्ये १४५० आले. क्लासला गेली असती तर आणखी वाढले असते का, याचा विचार मी रात्री अकरानंतर करत नाही. एमआयटीने २०२२ मध्ये आणि नंतर हार्वर्ड, ब्राऊन, डार्टमथ यांनी टेस्ट पुन्हा सक्तीची केली, तर कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं ती बघतच नाहीत. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा तपासावा लागला.

एप्रिलच्या सुट्टीत पाच कॅम्पस पाहिले. माझ्या एक्सेलमध्ये दुसऱ्या नंबरावर असलेल्या कॉलेजात लेक अर्ध्या तासात म्हणाली, "आई, इथे नको." कारण विचारलं तर खांदे उडवले. मी चिडले, परतीच्या वाटेवर दोन तास कुणी बोललं नाही. घरी आल्यावर तिने एक्सेलमध्ये स्वतःचा रकाना घातला, 'जेवायला एकटी बसेन का', आणि पाचही कॉलेजांना मार्क दिले. त्या रकान्याला एच-२-ए इतकंच वजन द्यायचं असं शेवटी ठरलं. माझा विरोध नोंदवून.

रटगर्स हे न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ यादीत आहे, आणि घरापासून पंधरा मिनिटांवर असल्यामुळे लेकीला ते 'घरच' वाटतं. खर्चाच्या रकान्यात त्याच्या जवळपास येणारं दुसरं आम्हाला सापडलेलं नाही. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज, म्हटलं की आपले लोक नाकं मुरडतात. पण शाळेत पहिल्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलांना न्यू जर्सी 'एनजे स्टार्स' या योजनेतून तिथली ट्यूशन माफ करते, आणि तिथून मिळालेली दोन वर्षांची पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठांत पुढे धरली जाते. आम्ही तो रकाना भरला. लेक त्यावर क्लिक करत नाही.

मे महिन्यात दोन शिक्षकांना शिफारसपत्रांसाठी विचारून झालं. हे अकरावी संपायच्या आत करा, बारावीच्या सप्टेंबरमध्ये रांग लागते. कॉमन ॲप, म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची साइट, तिथे खातं उघडून ठेवलंय, १ ऑगस्टला या वर्षीचा फॉर्म येईल. मराठी शाळेत तीन वर्षं मदतनीस म्हणून केलेलं काम त्यात १५० अक्षरांत बसवायचं म्हणून लेक आत्तापासून शब्द कापतेय. अर्ली डिसिजनवर, म्हणजे एकाच कॉलेजला आधीच बांधील अर्ज करण्यावर, घरात अजून भांडण चालू आहे. मिळालं की जायलाच लागतं, मग दुसरीकडची मदत तोलून बघायची सोय जाते. माझं मत नको असं आहे, ह्यांचं हो.

यादी वीसवरून नवावर आली आहे. आता उरलंय नाशिकच्या प्लॉटचं पत्र, 'हे उत्पन्न एकदाच आलं, दरवर्षीचं नाही' असं कॉलेजांच्या मदत कचेऱ्यांना लिहिण्याचं. विक्रीखताची प्रत मराठीत आहे, तिचं भाषांतर करून घेतेय.