फायब्रोमायल्जियासाठी हीटिंग पॅड: घेताना काय बघायचं, वापरताना काय टाळायचं

फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचं, निदान झालं की घरात पहिली खरेदी होते ती शेकायच्या साधनाची. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मोठ्या मेडिकलमध्ये विजेचा हीटिंग पॅड मिळतो, रबरी पिशवीपेक्षा चांगलाच महाग. पैसे वसूल होतात का? होतात, पण आजार बरा करायला म्हणून घेतला तर नाही. या आजारात स्नायूला इजा झालेली नसते. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, आणि तिथवर शेक पोचत नाही. आखडलेलं अंग मात्र तो थोडा वेळ सैल करतो, आणि तेवढ्या वेळात चालणं जमतं. युलार या युरोपातल्या संधिवात संघटनेच्या २०१६ च्या सुधारित शिफारशींत ठाम पाठिंबा एकाच उपायाला आहे: व्यायामाला. म्हणून पॅड पारखायचा तो सकाळी अंथरुणातून उठवून चालायला लावतो का, यावर.

रबरी पिशवी वाईट नाही. पण ती भरायची म्हणजे सकाळी, बोटं सर्वांत जास्त आखडलेली असताना, गरम पाण्याचं भांडं उचलायचं. हात सुटला तर भाजणार. भरलेली पिशवी दोन किलोच्या आसपास जाते आणि या आजारात नुसता दाबही दुखतो. पॅड हलका असतो, त्याची ऊब एकसारखी राहते. इथे पॅडच सरस.

खोक्यावरच्या ‘ऑटो कट-ऑफ’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. पुष्कळ पॅडमध्ये तो फक्त तापमानाचा असतो: ठरावीक गरम झाला की बंद, निवला की आपोआप पुन्हा चालू. वेळेवर बंद होणारा टायमर वेगळा. फायब्रोमध्ये झोप अर्धवट, विसर पडतो, शेकता शेकता डोळा लागतो, त्यामुळे टायमरला जास्तीचे पैसे द्यावेत. टायमर नसेल तर मोबाइलवर गजर लावल्याशिवाय बटण दाबू नये.

दुकानातच लावून बघा. मधल्या आकड्यावर पाच मिनिटं ठेवा आणि तळहात सगळीकडे फिरवा. एखादीच जागा चटका देत असेल तर आतली तार गोळा झालेली आहे, तो पॅड घेऊ नका. वायरवरचं सरकतं बटण स्वतःच्या अंगठ्याने सरकवून पाहा. काहींचं इतकं घट्ट असतं की दुखऱ्या हाताला झेपत नाही. वरचा अभ्रा सुती आणि काढून धुता येणारा हवा. मान-खांदे जास्त धरत असतील तर त्या आकाराचा पॅड घ्या. कमरेचा चौकोनी पॅड खांद्यावरून घसरत राहतो.

वापर १५ ते २० मिनिटं, खालच्या किंवा मधल्या आकड्यावर, कपड्यावरून. पॅडवर झोपायचं नाही. उष्णता दबून राहते, कातडी भाजते. कुशीवर वळून पाठीवर ठेवायचा. बाम किंवा मलम चोळलं असेल तर ते पुसल्याशिवाय शेक नको. मधुमेहामुळे पायाला कमी कळत असेल तर पायावर पॅड नकोच. रोज एकाच जागी जास्त शेकल्यावर कातडीवर तपकिरी जाळी दिसू लागली, तर तिथला शेक थांबवून डॉक्टरांना दाखवा. सांधा सुजून लाल, गरम झाला असेल तर ते फायब्रोचं लक्षण नव्हे, शेकत बसू नका.

शेक संपला की लगेच उठायचं. सुरुवात सपाटीवर पाच मिनिटांची, अंगणात किंवा गल्लीतच. आठवडाभर तेवढंच, मग एक-दोन मिनिटं वाढवायची. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्यांना फिरायला व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, पण पूर्ण फेरीचा हट्ट पहिल्याच आठवड्यात नको. घात होतो तो बऱ्या दिवशी: अंग हलकं वाटलं म्हणून चादरी धुवायला काढल्या, माळा आवरला, की पुढचे दोन दिवस अंथरूण. बऱ्या दिवशीही ठरलेलंच चालणं, आणि काम अर्ध्यावर ठेवायची सवय. घरच्यांनाही हे सांगून ठेवावं, नाहीतर ‘काल तर चांगली होतीस की’ हे ऐकावं लागतं आणि ते फार लागतं.

पावसाळ्यात दोन अडचणी. खानापूर, जांबोटीकडे वीज जाते, तेव्हा तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी चालते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावी, कारण तिची ऊब एकसारखी नसते. दुसरी अडचण ओल. दमट अभ्र्यावर पॅड लावू नये. ठेवताना घडी न घालता सैल गुंडाळावा, घडीवर तार तुटते. वायर जिथे पॅडला शिरते तिथे कडक झाली, काळवंडली किंवा जळका वास आला तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो टाकून द्यावा.