मे महिन्यात 37 अंश: मराठवाड्यासाठी पोर्टेबल इन्क्युबेटर घेताना

पोर्टेबल इन्क्युबेटर म्हणजे पाण्यातले किंवा मातीतले जिवाणू वाढवून तपासण्यासाठी ठरलेलं तापमान राखणारी, उचलून नेता येणारी पेटी. तिच्या माहितीपत्रकात एक ओळ बहुतेक वेळा बारीक अक्षरात असते: 'तापमान पल्ला: सभोवतालपेक्षा 5 अंश जास्त ते 60 अंश.' स्टीलची पेटी, टच स्क्रीन, मोबाईल अ‍ॅप हे सगळं नंतर बघा, आधी ही ओळ वाचा. तिचा अर्थ असा की या यंत्राला फक्त तापवता येतं. 37 अंश राखायचे तर खोली 32 च्या खाली हवी. परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत दुपारी 40 असणं नवलाचं नाही. अशा वेळी हीटर बंदच असतो, पडद्यावर 41 दिसतं आणि यंत्र बिघडलं म्हणून कंपनीला फोन जातो. यंत्र ठणठणीत असतं, निवड चुकलेली असते.

नुकसान फक्त आकड्याचं नाही. पाणी दूषित आहे का हे दाखवणाऱ्या कोलिफॉर्म गटातल्या सगळ्या जिवाणूंची (एकूण कोलिफॉर्म) चाचणी 35 अंशांना, अर्ध्या अंशाच्या मर्यादेत, 24 तास चालते. पेटी 41 वर गेली तर या गटातले उष्णता न सोसणारे जिवाणू नीट वाढत नाहीत, त्यांचे ठिपके (वसाहती) कमी दिसतात आणि टँकरचं दूषित पाणी कागदावर चांगलं ठरतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे 100 मिली नमुन्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. तिथे ही चूक परवडत नाही.

म्हणून आपल्याकडे पेटीला थंड करता येणं गरजेचं. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला पेल्टिअर चिपचा: विजेची दिशा उलटली की तीच चिप तापवते किंवा थंड करते. 12 ते 15 लिटरची पेटी जीपच्या मागच्या सीटवर बसते आणि खड्ड्यांतून नेली तरी बिघडायला आत पंख्याशिवाय हलणारा भाग नाही. दुसरा मार्ग 12 व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा. तो कडक उन्हात कमी विजेत जास्त गारवा देतो, पण जड असतो आणि प्रवासात आडवा झाला तर सरळ ठेवून काही वेळ थांबल्याशिवाय सुरू करू नये. गावोगाव पाणी तपासायचं असेल तर पेल्टिअर घ्यावा. रायझोबियम (जिवाणू खत) किंवा ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) वाढवायच्या 25 ते 28 अंशांच्या प्लेट चार-पाच दिवस ठेवायच्या असतील, किंवा 27 अंशांना 3 दिवसांची बीओडी (जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन वापरतात याची चाचणी) करायची असेल, तर कॉम्प्रेसरच. नुसत्या हीटरच्या पेटीत मराठवाड्यात 28 अंश फक्त थंडीतच मिळतात.

विजेशिवाय चालणारी पेटीही आहे. एमआयटीच्या एमी स्मिथ यांच्या फेज-चेंज इन्क्युबेटरमध्ये मेणासारखा पदार्थ गोठताना उष्णता सोडतो आणि आतलं तापमान 37 च्या आसपास टिकतं. कल्पना सुंदर आहे आणि डिसेंबरच्या रात्री, पारा 10 च्या खाली गेला तरी, तिचा उपयोग होईल. मेच्या दुपारी बाहेरच 42 असतं, मेण गोठतच नाही आणि सगळं वितळलं की पेटी बाहेरच्या हवेमागे धावते.

विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्मसाठी 44.5 अंशांना चाचणी करतात, तिला मर्यादा फक्त 0.2 अंशाची आहे. हवेवर चालणाऱ्या छोट्या पेटीत हे जमतं असा दावा कुणी केला तर चारही कोपऱ्यांची नोंद मागा, सहसा मिळत नाही. त्यापेक्षा वॉटर बाथ वापरा, किंवा ई-कोलायला वेगळा रंग देणारं माध्यम घेऊन 35 अंशांवरच काम भागवा.

आता बॅटरी. हिशोब इथेच फसतो. समजा पेल्टिअर 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, म्हणजे 60 वॉट. मेमध्ये दिवसभराची सरासरी 50 वॉट धरली तर 24 तासांना 1200 वॉट-तास लागतात. 100 अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत कागदावर तेवढंच असतं, पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाती राहतात 600 आणि चालते 12 तास. हीच पेटी डिसेंबरात सरासरी 15 वॉटवर धावली तर 360 वॉट-तासांत दिवस निघतो. म्हणून थंडीत दाखवलेल्या डेमोवर भाळू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि हलकी असते, पैसे जास्त गेले तरी ती घ्यावी.

वायर बारीक असेल तर चांगली बॅटरीही काम देत नाही. 1 चौरस मिमीच्या तांब्याच्या 5 मीटर वायरीत (जाऊन-येऊन 10 मीटर) 5 अँपिअरला जवळपास 0.9 व्होल्ट वाटेतच जातात. पेटीला 12.2 ऐवजी 11.3 मिळतात आणि व्होल्टेज कमी म्हणून ती आपोआप बंद पडते. 2.5 चौरस मिमीची वायर घातली तर तूट 0.35 वर येते. गाडीच्या सिगारेट सॉकेटवर इंजिन बंद करून रात्रभर चालवू नका, सकाळी जीप ढकलावी लागते. पेटीसोबतचा अ‍ॅडॉप्टर 100 ते 240 व्होल्टचा आहे ना, हेही पाहा. गावातल्या सिंगल फेजवर व्होल्टेज कधी कुठे असेल, सांगता येत नाही.

लाईट जाऊन आल्यावर पेटी आपोआप जुन्या सेटिंगवर सुरू होते का, हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारा आणि उत्तरावर न थांबता स्वतः प्लग काढून 10 मिनिटांनी परत लावा. काही कंट्रोलर स्टँडबायवर जाऊन बसतात. रात्री 2 ला लाईट गेली, 3 ला आली आणि सकाळपर्यंत पेटी थंडच राहिली, तर प्लेट पाहून हे कळत नाही. कमाल-किमान तापमान नोंदणारा स्वस्त थर्मामीटर आत ठेवणं हा यावरचा उपाय. तो दर महिन्याला बर्फाच्या लगद्यात बुडवून 0 दाखवतो का, ते पाहावं.

स्वीकारण्याआधी 48 तास चाचणी घ्या, तीही दुपारी 2 वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटल्यांत सेन्सर घालून चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवा. मोकळ्या हवेतला सेन्सर दार उघडताच उड्या मारतो, प्लेटचं तापमान तसं उडत नाही. पेटी भरूनही मोजा. चार-पाचांपेक्षा उंच थप्पी लावली की मधल्या प्लेट मागे पडतात. पेट्री डिश उलट्या ठेवाव्यात, पंख्याच्या पेटीत ओला कापूस ठेवावा, नाहीतर डिशमधलं अगार (जिवाणू वाढवायची जेली) कडेने सुकून तडकतं.

धूळ हा काळ्या मातीच्या भागातला खरा शत्रू. पेल्टिअरच्या गरम बाजूच्या हीट सिंकवर धुळीचा थर बसला की पंखा हवा ओढत नाही, उष्णता आत परत येते आणि चिप जळते. आठवड्याला ब्रश मारावा, शेतात असाल तर रोज. पंखा बहुधा कॉम्प्युटरचाच 12 व्होल्टचा असतो आणि लातूर-संभाजीनगरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, फक्त माप जुळवून घ्या. पेटी कधीही बंद गाडीत उन्हात सोडू नका. गावात माळवदाची खोली मिळाली तर सिमेंटच्या स्लॅबपेक्षा ती कधीही बरी, दुपारी पेल्टिअरवरचा भार कमी होतो.

सरकारी खरेदी जेम (GeM) या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून होते, त्यामुळे तपशील नीट लिहिला नाही तर नुसत्या हीटरची पेटीच येऊन पडते. निविदेत असं लिहा: 'सभोवतालचं तापमान 10 ते 45 अंश असताना आतलं तापमान 35 अंश, अधिक-उणे 0.5, सर्व बिंदूंवर, पूर्ण भरलेल्या स्थितीत. वीज परत आल्यावर स्वयंचलित पुनरारंभ. 12 व्होल्ट डीसी आणि 100 ते 240 व्होल्ट एसी. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र.' (एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था.) 'पेल्टिअर किंवा कॉम्प्रेसर' हे शब्दही घाला. सोबत दोन जादा फ्यूज आणि एक जादा पंखा मागून घ्या, दरात फारसा फरक पडत नाही.