रानमोडीसाठी ब्रश कटर: घ्या, पण कुदळीसकट

आंबा-काजूच्या बागेत रानमोडी, म्हणजे झपाट्याने पसरणारे झुडपी तण, माजली असेल तर ३५ सीसीचे फोर-स्ट्रोक ब्रश कटर (दांड्याच्या टोकाला फिरते पाते असलेले झुडपे कापायचे यंत्र) घेण्यासारखे आहे. टू-स्ट्रोकसारखे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही, त्यामुळे प्रमाण चुकून पिस्टन जाम होण्याची भीती नाही. इंजिन ऑइल मात्र दर वेळी काम सुरू करण्याआधी बघाच. मावते जेमतेम १०० मिली, त्यात घट परवडत नाही.

यंत्राला पात्याऐवजी लावतात ती नायलॉन दोरी गवतापुरतीच. रानमोडीच्या जून खोडावर ती तुटत राहते. २५५ मिमीचे, ८० दातांचे गोल पाते लावा. त्याचा नट सहसा उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. सवयीने उलटा जोर लावला तर आटे जातात. झोका उजवीकडून डावीकडे घ्या. पात्याची समोरची उजवी कड खोडाला लागली तर यंत्र जोरात उसळते; गॉगल आणि बूट यांच्याशिवाय हात लावू नये.

जमिनीलगत कापू नका. जांभ्याचा दगड लागून दात तुटतात, आणि वीतभर खुंट पुढच्या कामाला हवाच असतो. रानमोडी कापून मरत नाही. बुंध्यातून चहूबाजूंनी फुटवे येतात आणि नुसती कापलेली बाग पुढच्या पावसात आणखी दाट होते. यंत्राला नावे ठेवणारे बहुतेक जण इथेच फसलेले असतात. मुळे फार खोल नसतात. जमिनीत ओल असताना कुदळीने बुंधा सैल करून खुंट धरून ओढला की सगळे वर येते. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हीच वेळ: माती मऊ, फुलोरा अजून दूर. तेव्हाचा पाला कलमांच्या आळ्यात आच्छादनाला बिनधास्त घाला. बी धरलेला पाला नको. उपटलेले बुंधे मुळे वर करून कातळावर वाळवा, ओल्या मातीत टाकले तर पुन्हा जीव धरतात.

कलमांभोवती हातभर जागेत यंत्र नेऊच नका, तिथे कोयता. दोरीनेसुद्धा साल गोल सोलली जाते आणि कोवळे कलम वाळते.

कंत्राटाने सफाई करून घेणार असाल तर कापणी आणि बुंधे काढणे यांचे दर वेगळे ठरवा. दुसऱ्या बागेतून आलेले यंत्र आत घेण्याआधी झाडून घ्या, रानमोडीचे केसाळ बी त्याला चिकटून येते.