शालार्थ वेतन प्रणाली : हिशेब चोख, पण चूक पकडायची कर्मचाऱ्यानेच

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित खासगी शाळांतील शिक्षक-शिक्षकेतरांचा पगार ‘शालार्थ’ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून निघतो. निव्वळ हिशेबासाठी ही प्रणाली चांगली आहे. मूळ वेतन बरोबर बसले की भत्ते आणि कपाती फारशा चुकत नाहीत. पण मूळ वेतनच चुकीचे बसले, तर तितक्याच इमानाने दर महिन्याला कमी पगार निघत राहतो आणि कुठेही इशारा येत नाही.

देयक, म्हणजे शाळेचे महिन्याचे पगारबिल, मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून तयार होते. तिथून ते अनुदानित शाळेच्या बाबतीत वेतन पथकाकडे (पगारबिले तपासणाऱ्या शिक्षण खात्याच्या कार्यालयाकडे) आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाबतीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. एकदा पुढे गेलेले देयक परत आल्याशिवाय शाळेला बदलता येत नाही. म्हणून वेतनवाढ, बदली, कर्जाचा हप्ता असे जे काही बदलायचे, ते त्याआधीच लिपिकाकडे लेखी द्यावे. नंतर उरतो तो पुरवणी देयकाचा, म्हणजे राहिलेल्या रकमेच्या वेगळ्या बिलाचा रस्ता, आणि तो फार लांबचा आहे.

सर्वांत मोठे नुकसान शिक्षण सेवकांचे, म्हणजे पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकांचे होते. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन आहे. तीन वर्षे पूर्ण झाली म्हणून शालार्थ त्याला आपोआप वेतनश्रेणीत नेत नाही. नियमित केल्याचा आदेश निघावा लागतो आणि तो आदेश पाहून कुणीतरी नोंद बदलावी लागते. प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते. त्यावर ५० टक्के महागाई भत्ता धरला, तरी घरभाड्याआधीच ४३,८०० होतात. म्हणजे फाईल एक महिना टेबलावर पडून राहिली तर २७,८०० रुपये अडकले. थकबाकी पुढे मिळते, पण घर दर महिन्याला चालवायचे असते. त्यामुळे तिसरे वर्ष संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच प्रस्ताव द्यावा आणि पोच घ्यावी.

वेतन चिठ्ठी हातात आली की तीन ओळी तपासाव्यात. पहिली मूळ वेतनाची. वेतनवाढीनंतर आकडा तक्त्यातल्या पुढच्या टप्प्यावर सरकला पाहिजे: ३०,१०० नंतर ३१,०००. दुसरी घरभाड्याची. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर लहान गावांचा दर मूळ वेतनाच्या ९ वरून १० टक्के झाला. ३१,००० वर २,७९० दिसत असतील, तर जुनाच दर लागतो आहे. तिसरी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या कपातीची. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या बेरजेवर १० टक्के कापले जातात. चिठ्ठीत कपात दिसली म्हणजे रक्कम खात्यात पोहोचली, असे धरू नये. प्राण क्रमांकाच्या (या योजनेतील स्वतःच्या खाते क्रमांकाच्या) विवरणाशी ती महिन्यावार जुळवावी. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० दिसला, तर ती चूक नव्हे.

रजेच्या नोंदीत सुरक्षिततेचाही प्रश्न येतो. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी सुरू असताना, २०१३ च्या कायद्यानुसार समितीच्या शिफारशीने तक्रारदार महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, आणि ती तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. ती बिनपगारी म्हणून भरली गेली, तर प्रणालीला फरक कळत नाही. शिफारशीची प्रत मुख्याध्यापकांना द्यावी आणि त्या महिन्याची चिठ्ठी मुद्दाम पाहावी.

तक्रारीची सोय हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. चिठ्ठीची प्रत, सेवापुस्तकातील नोंद आणि फरकाचा तक्ता जोडून मुख्याध्यापकांमार्फत अर्ज द्यावा लागतो. खासगी शाळांसाठी १९७७ च्या कायद्याचे शाळा न्यायाधिकरण आहे, पण तिथे बडतर्फी, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणे यांवर ३० दिवसांत अपील करता येते. नुसत्या पगाराच्या चुकीचा वाद तिथे चालत नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचे (प्रणालीत कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या ओळख क्रमांकांचे) प्रकरण उघडकीस आल्यापासून कागदपत्रांची तपासणी कडक झाली आहे. नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यता (त्या नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेली मंजुरी) आणि रुजू अहवाल यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस मात्र या प्रणालीत नाहीतच. शाळेत रोज गॅसच्या शेगडीपाशी उभे राहण्याचे त्यांचे मानधन महिन्याला २,५०० रुपये आहे, आणि ते थकले तर दाखवायला त्यांच्याकडे वेतन चिठ्ठीही नसते.