ज्येष्ठ न्यायाधीश की पूर्ण निवृत्ती?

अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयातल्या न्यायाधीशाची नेमणूक तहहयात. वय 65 आणि सेवा 15 वर्षे झाली, की त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

एक, पूर्ण निवृत्ती. शेवटच्या पगाराइतकी रक्कम जन्मभर मिळते, वकिलीही करता येते. रिचर्ड पोस्नर यांनी 2017 मध्ये हेच केले. 1981 पासून ते सातव्या सर्किटमध्ये, म्हणजे देशाच्या एका विभागाच्या संघीय अपील न्यायालयात होते. वकील न परवडणाऱ्या पक्षकारांना न्यायालय नीट वागवत नाही, ही त्यांची खंत होती. अशा माणसाला बाहेर पडणेच योग्य.

दुसरी वाट 'सीनियर' दर्जाची. पद राहते, कामाचा भार कमी होतो, आणि जागा रिकामी झाल्याने राष्ट्राध्यक्षांना नवा न्यायाधीश नेमता येतो. पूर्ण पीठाने, म्हणजे नेहमीच्या तिघांऐवजी साधारणतः सगळ्या नियमित न्यायाधीशांनी मिळून, फेरसुनावणी घ्यावी का, यावर मात्र मत देता येत नाही. ही उणीव खरीच बोचणारी. तरीही मला हीच वाट भावते. अपील न्यायाधीश लर्नेड हँड 1951 मध्ये नियमित कामातून बाजूला झाले, पण 1961 मध्ये वारले तोवर खटले ऐकत राहिले. मुरलेल्या न्यायाधीशाचा अनुभव तीन जणांच्या पीठावर नवख्या सहकाऱ्याला रोज मिळतो, तो वकिलीच्या कचेरीतून मिळणार नाही.