छर्रे घेताना डबीवरचं वजन शेवटी बघा

टेन मीटर एअर रायफलचे छर्रे कुठले घ्यावेत, हे नेमबाजी क्लबातली पोरं मला विचारतात, कारण माझ्याकडे वजनकाटा आहे. म्हापशाला आमचं पिढीजात सोनाराचं दुकान. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा माणूस म्हणजे छर्र्यांतला जाणकार, असा या पोरांचा समज. काट्यामुळे अक्कल येत नाही, पण डबीवर छापलेल्या आकड्यावरचा आंधळा विश्वास मात्र उडतो. म्हणून यंदाच्या खरेदीचा हिशेब लिहितोय: दोन जर्मन, एक चेक, एक देशी आणि पावसाळ्यासाठी केलेला साठा.

एक गोष्ट आधीच सांगतो. छर्रे मी दुकानातल्या काट्यावर घालत नाही. सोन्यात शिशाचा अंश जरी गेला तरी ते ठिसूळ होतं, पत्रा ठोकताना तडकतं आणि मग आख्खी मूस वाया. छर्र्यांचा काटा वेगळा आहे, घरी माडीवर. तिथून खाली येताना हात साबणाने धुवूनच यायचं. क्लबात टेन मीटर मारणाऱ्या माझ्या भाचीलाही तेच बजावलंय, आणि तिच्या बाबतीत कारण सोन्याचं नाही, पोटात शिसं जाऊ नये हे आहे.

आता वजन. बाजारात टेन मीटरचे छर्रे साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅमचे मिळतात. आमच्या भाषेत बोलायचं तर पावणेचार गुंजांना अंमळ कमी ते सव्वाचार गुंजांना अंमळ जास्त. परदेशी डबीवर ग्रेनमध्येही लिहिलेलं असतं: ०.५३ म्हणजे ८.२ ग्रेनच्या आसपास, ०.४५ म्हणजे ७. हलका सहसा पिस्तूलवाले घेतात, जड रायफलवाले. सगळ्यांचं डोकं सपाट असतं, म्हणजे कागदात स्वच्छ गोल भोक पडतं. मागचा पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्ट म्हणतात, तो हवेच्या दाबाने फुलतो आणि नळीतल्या आट्यांत घट्ट बसतो. तो घेर कुठे चेपला असेल तर छर्रा भरकटलाच म्हणून समजा.

भाचीने विचारलं, "मामा, जड घेतला तर खाली लागणार ना?" लागणार. पण किती, ते कागदावर मांडून बघितलं. मॅच रायफलमधून छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास निघतो. दहा मीटर जाईपर्यंत तो सतरा-अठरा मिलिमीटर खाली येतो. ०.५१ च्या जागी ०.५३ घातला तर आणखी अर्धा-पाऊण मिलिमीटर. ०.४५ वरून ०.५३ वर उडी मारली तर दोन-अडीच. हे ऐकून ती हसली, "एवढंच?" एवढंच, पण इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर दशांशाची एक पायरी म्हणजे पाव मिलिमीटर. मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, छर्रा साडेचारचा. छर्र्याची कड ठिपक्याला लागली की दहा मिळतात, पण १०.९, म्हणजे एका छर्र्याचे जास्तीत जास्त गुण, हवे असतील तर छर्र्याचं केंद्र ठिपक्याच्या आतच पडावं लागतं. दशांश मोजत नव्हते तेव्हा एवढी बारकाई म्हणजे चैन होती, आता नाही.

तरीही मी म्हणतो की वजन शेवटी बघा. खाली लागतंय ते साइटचे, म्हणजे नेम धरायच्या चकतीच्या स्क्रूचे, दोन-चार क्लिक फिरवून सुधारता येतं. एका डबीतला एक छर्रा जड आणि दुसरा हलका निघाला, किंवा डोक्याचा व्यास तुमच्या नळीला जुळला नाही, तर कुठला क्लिक फिरवणार?

डोक्याचा व्यास डबीच्या मागच्या लेबलवर असतो: ४.४९, ४.५०, ४.५१ असा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक दिसायला वेडेपणा वाटतो. आम्ही रायफल शिकंज्यात बसवली आणि तिन्ही मापांच्या डब्यांतून दहा-दहा छर्रे मारले. भाचीच्या नळीतून ४.५० चे दहाच्या दहा एकाच भोकात गेले, बाहेरून बाहेर मोजलं तर सहा मिलिमीटरच्या आतबाहेर. ४.४९ चं भोक अंड्यासारखं लांबुळकं झालं. तिच्याच क्लबातल्या एका मुलाच्या रायफलला मात्र ४.४९ आवडतं, आणि मॉडेल तेच, कंपनीही तीच. म्हणून "कुठला छर्रा चांगला?" याला उत्तर नाही. "तुमच्या नळीला कुठला चालतो?" हे मारूनच कळतं. छर्रा बदलला की पहिले काही कागदाच्या कडेला मारून सोडून द्या, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या, आणि मग मोजा.

आता एकेक डबी.

आरडब्ल्यूएस आर-टेन मॅच, ०.५३. काट्यावर सगळ्यात शहाणी. मूठभर छर्रे एकामागून एक घातले तरी शेवटचा आकडा दोन-तीन मिलिग्रॅमच्या पलीकडे हलत नाही. भिंगाखाली घेर गोल, कड स्वच्छ. महाग आहे, आणि सरावासाठी रोज मारायची ही गोष्ट नव्हे. स्पर्धेसाठी आम्ही हीच ठेवली.

हेंडलर अँड नाटरमानचे फिनाले मॅच. याच्यात ०.५१ आणि ०.५३ दोन्ही मिळतात, आणि व्यास निवडून मागवता येतो, हा मोठा फायदा. भाचीच्या रायफलला ०.५३ चा ४.५० असा बसला की स्पर्धेच्या डबीशी फरक फक्त मला काट्यावर दिसतो, तिला कागदावर दिसत नाही. सरावाला हेच. साठा यांचाच केला.

चेक जेएसबी मॅच. छर्रा उत्तम, शिसं हाताला जरा मऊ लागतं. ज्यांच्या नळीला जुळला ते दुसरं काही बघत नाहीत. आमच्या नळीला जुळला नाही, विषय संपला.

देशी डबी, नाव लिहीत नाही. नवशिक्याला ट्रिगर, श्वास, उभं राहणं शिकायला पुष्कळ झाली. किंमत परदेशीच्या पुढे काहीच नाही. पण काट्यावर एक ०.५० आणि दुसरा ०.५५ निघाला, त्यांत भिंगाखाली दोघा-चौघांचे घेर चेपलेले. ज्याला वेळ आहे त्याने काट्यासमोर बसून वजनाप्रमाणे गट पाडावेत. मी ते करतो, कारण मला ते आवडतं. हातात भिंग आणि समोर काटा असला की माझं डोकं शांत राहतं. बायको याला दुकान घरी आणणं म्हणते.

साठ्याबद्दल. डबीत पाचशे छर्रे. भाची दिवसाला ऐंशी मारते, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला चारशे. मे अखेरपासून गणेश चवथीपर्यंत तेरा-चौदा आठवडे धरले तर अकरा डब्या. त्या अकराही एकाच बॅचच्या हव्यात. बॅच बदलली की साच्याची झीज बदलते, शिसं बदलतं, आणि पुन्हा शिकंजा लावून बसायचं. म्हणून आधी एक डबी मागवायची, मारून बघायची, जुळली की त्याच बॅचच्या उरलेल्या लगेच उचलायच्या. पुण्याच्या एका विक्रेत्याने "एकच बॅच" म्हणून पाठवलेल्या डब्यांत दोन वेगळे आकडे निघाले. फोन केला तर म्हणतो, "शेट, माल तोच आहे." सोनं विकताना मी असं बोललो असतो तर गिऱ्हाईक परत आलं नसतं. बदलून दिल्या, पण कुरिअरचा खर्च माझ्यावर.

कायद्याचं एका वाक्यात: २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे छर्रे मनाजोगे साठवता येतात. पॉइंट टू-टूचं, म्हणजे बारुदाच्या .२२ रायफलच्या काडतुसांचं, तसं नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटरला ब्राँझ घेतलं ते या काडतुसांवर, गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे आमच्या जड छर्र्याच्या जवळजवळ पाचपट. ही काडतुसं मिळतात ती परवान्यावर आणि परवान्यात लिहिलेल्या संख्येतच. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या एका नातेवाइकाकडे बागायतीसाठी परवान्याची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला जातो तेव्हा तो जे बोलतो ते इथे छापण्याजोगं नाही.

गोव्यात छर्रे साठवायचे तर खरा शत्रू जुलै. भिंतीला ओल, चपलांना बुरशी, आणि छर्रे काळपट-राखाडी. नुसता काळेपणा आला तर मारता येतात. पांढरी पूड दिसली तर डबी टाका. ती शिशाची पूड आहे, फुंकर मारू नका, हाताने पुसू नका. पांढरी पूड धरण्याचं मोठं कारण म्हणजे लाकडी कपाट. लाकडातून, पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटते आणि बंद कपाटात ती शिशाला खाते. आजोबांच्या सागवानी कपाटात छर्रे ठेवायचा मोह अनेकांना होतो. लोखंडी कपाट घ्या.

माझी पद्धत चांदीची भांडी ठेवतो तीच. डबी न उघडता तिच्या झाकणाभोवती चिकटपट्टी, अशा डब्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे घ्या, ओल पिऊन ते गुलाबी होतात, मग मंद आचेवर तव्यावर निळे होईपर्यंत शेकायचे. तवा मात्र वेगळा ठेवा, भाकरीचा नको. चालू डबी एकच बाहेर, आणि तिच्यातून काढलेले छर्रे परत आत घालायचे नाहीत. तेल लावा, साबणाने धुवा, असे सल्ले मिळतील. मॅचच्या छर्र्यांना दोन्ही नको. तेलाचा थर सगळ्यांवर सारखा बसत नाही आणि ज्या मिलिग्रॅमसाठी पैसे मोजले ते तिथेच गेले.

ज्यांना यंदा मागवायचे आहेत त्यांनी विक्रेत्याकडून डबीच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागवावा, व्यास आणि बॅच दोन्ही दिसतील असा. पार्सल आलं की प्रत्येक डबी हातात घेऊन कड चेपली नाही ना ते कुरिअरवाल्यासमोर बघावं. चेपलेल्या डबीतले घेर चेपलेलेच असतात. पावसाळी मालाची ऑर्डर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टाका, कारण बॅच जुळली नाही तर परत पाठवायला वेळ हवा.