कोकणात वकील कुठला धरायचा: तालुक्याचा, जिल्ह्याच्या फर्ममधला की मुंबईचा?

पुण्यातलं बिऱ्हाड हलवून मालवणकडे आलो तेव्हा मला वाटलं होतं की वकील हा प्रकार भांडण झालं की लागतो. जमीन बघायची, सातबारा बघायचा, पैसे द्यायचे, रजिस्ट्रेशन, झालं. आता चार खोल्यांचा होमस्टे चालवतोय आणि दर सुट्टीत कोणीतरी चहा पिता पिता विचारतं की दादा आम्हालाही इकडे काहीतरी करायचंय, वकील कोण बघू. नाव मी कुणाचंच सांगत नाही, पण कुठल्या प्रकारचा वकील कुठल्या कामाला ते सांगू शकतो, कारण तिन्ही प्रकार वापरून झालेत.

आधी एक बेसिक गोष्ट, ती माहीत नसेल तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याच्या, म्हणजे 1948 च्या कायद्याच्या, कलम 63 मुळे शेतजमीन सरळ घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ‘शेतकरी दाखला आम्ही काढून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथून चप्पल घालून निघा, कारण दाखला खोटा निघाला की व्यवहारच अवैध ठरतो. परदेशात असलेल्यांना तर फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) शेतजमीन, बाग, फार्महाऊस विकत घेताच येत नाही, वारसाने आली तर गोष्ट वेगळी. दुबई-मस्कतवाल्या आपल्या मंडळींना हे कोणी सांगत नाही, मग भावाच्या नावावर घ्यायची आणि दहा वर्षांनी भावाशीच कोर्टात.

तर पहिला पर्याय, तालुक्याचा वकील. कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक खोली, बाहेर बाकड्यावर चार म्हातारे, आत फायलींचा ढीग. दिसायला काही नाही, पण टायटल सर्चला, म्हणजे जमीन खरी कोणाची ते जुने कागद काढून तपासायला, ह्याच्याइतका कामाचा दुसरा माणूस नाही हे माझं ठाम मत आहे. कारण कोकणातला सातबारा म्हणजे सामाईक, एकेकावर वीस-तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, काही मुंबईत काळाचौकीला, आणि बहिणींची नावं ‘इतर हक्का’त जाऊन बसलेली. त्याच इतर हक्कात एखाद्या कुळाचं नाव असतं, ते खरंच कसतंय की आजोबाच्या काळातलं आहे हे कागद सांगत नाही, गाव सांगतं. मी घेतलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं होती. आमचे वकीलसाहेब नुसतं आडनाव वाचून म्हणाले, ह्यातली धाकटी वाडी वेगळी झाली, त्यांची वहिवाट ओहोळाच्या पलीकडे, त्यांचं हक्कसोड घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. हे कुठल्याही वेबसाईटवर मिळत नाही.

शिवाय जुने फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) काढणं, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांची सूची) बघणं, तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण म्हणतंय कोण) पाठपुरावा करणं, मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेखचा माणूस आला की गडग्यावर (हद्दीच्या दगडी बांधावर) स्वतः उभं राहणं, हे तोच करतो. फी ठोक, कामाप्रमाणे, बरीचशी बोलूनचालून.

पण दोन त्रास. एक, गावात चांगले वकील मोजके, आणि तुम्ही ज्याच्याकडून घेताय त्याचं घराणं पिढ्यानपिढ्या त्यातल्याच एकाकडे जातं. माझ्याबाबतीत हेच झालं, पहिले ज्यांच्याकडे गेलो ते विकणाऱ्याच्या चुलत्याची केस चालवत होते आणि मला ते तिसऱ्या भेटीत कळलं, तेही चहावाल्याकडून. म्हणून पहिल्याच भेटीत तोंडावर विचारा की समोरच्या पार्टीचं काही काम करता का. राग येत नाही कोणाला, चांगला वकील उलट खूष होतो. दुसरं, सगळं तोंडी. सर्च रिपोर्ट लेखी मागा, निदान तीस वर्षांचा, सहीसकट.

दुसरा पर्याय, जिल्ह्याच्या ठिकाणची फर्म. रत्नागिरी, कुडाळ-ओरोस, आणि आता कोल्हापूरही ह्यात धरा, का ते पुढे सांगतो. ही म्हणजे चार-पाच वकील एकत्र, एक दिवाणीवाला, एक महसूलवाला, एक टॅक्स-लायसन्सवाला, बहुतेक जणांकडे एखादा जुनिअर जो फोन उचलतो (हे लहान समजू नका). तुम्हाला नुसती जमीन नको, धंदा काढायचाय, तर हीच जागा. कारण किनाऱ्यावरच्या धंद्याला एक खातं नसतं. होमस्टेला पर्यटन विभागाची नोंदणी, खाण्याचं लायसन्स, ग्रामपंचायत, अकृषिक वापर. वॉटर स्पोर्ट्स काढले तर मेरीटाईम बोर्ड. बोट घेतली तर मत्स्य विभाग आणि 1981 चा सागरी मासेमारी कायदा. ह्या सगळ्यांची भाषा वेगळी, आणि तालुक्याचा वकील म्हणतो ते आपलं काम नव्हे, खरंच नसतं.

आणि सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध! समुद्रदर्शनी प्लॉट म्हणून जे विकतात त्यातला मोठा घोळ हाच आहे. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असतील तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर ना विकास क्षेत्र (जिथे नवं बांधकाम करता येत नाही), कमी असतील तिथे 200 मीटर. एजंट सगळ्यांना 50 सांगतो. आता सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनताच त्या जनगणनेत 163 होती, एखादं दाट कोळीवाड्याचं गाव सोडलं तर तुमचा प्लॉट कुठल्या भागात पडणार ते तुम्हीच बघा. खाडीकाठचं गणित परत वेगळं, तिथे 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी ते. हे बोलून ठरत नाही, मंजूर नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर टाकून बघावं लागतं, आणि जिल्ह्याच्या फर्मला ते रोजचं काम असतं. उद्या कोणी तक्रार केलीच तर हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, तिथेही यांची येजा असते.

धंदेवाल्यांच्या वसुलीलाही हेच बरे. माझा मेव्हणा रत्नागिरीत मासळीत आहे, त्याचा बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा चेक परत आला तेव्हा त्याला वाटलं आता त्या गावी जाऊन केस करायची. गरजच नव्हती, चेक आपल्या खात्यात भरला असेल तर आपली बँक शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात केस होते, 2015 पासून कायदाच तसा आहे. फक्त मुदत पाळायची: चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, त्याला 15 दिवस पैसे द्यायला, मग महिन्याभरात फिर्याद. आंब्याच्या सीझनमध्ये ‘बघू पावसाळ्यात’ म्हणत बसलात की गेलं.

ह्या फर्मचं वाईट काय, तर मोठे साहेब पहिल्या दिवशी भेटतात आणि नंतर तुमची फाईल नवीन मुलीकडे नाहीतर मुलाकडे. ती पोरं हुशार असतात, तक्रार ती नाही, पण वाडीतली नाती त्यांना माहीत नसतात. म्हणून मी सर्च तालुक्यात आणि परवानग्या जिल्ह्यात असं वाटून घेतलं. थोडा खर्च वाढला. चालतं.

तिसरा, मुंबईचा (किंवा पुण्याचा). काचेचं ऑफिस, इंग्रजीत ईमेल, तासावर बिल. खरं सांगू का, चार खोल्यांच्या होमस्टेला ह्याची काही गरज नाही. माझ्या एका ओळखीच्या जोडप्याने मुंबईच्या वकिलाकडून करारनामा करून आणला, पंचवीस पानी, अगदी देखणा, पण आकारफोड (हिस्से पडल्यावर साऱ्याची वाटणी), वरकस (हलकी डोंगरउताराची जमीन), पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) ह्यातलं एक अक्षर त्यात नव्हतं आणि अख्ख्या पंचवीस पानांत वाट कुठून आहे ते लिहिलंच नव्हतं. वाट! कोकणात निम्मी भांडणं वाटेची. दुसऱ्या पावसाळ्यात शेजाऱ्याने वाटेवर बेडं (आडवं फाटक) घातलं आणि बसले.

पण तीन-चार जण मिळून रिसॉर्ट करताय, बाहेरचा पैसा येतोय, कंपनी काढायचीय, बँकेचं मोठं कर्ज आहे, तर तिथे मुंबईच. भागीदारांचा करार नीट नसला तर समुद्र कितीही सुंदर असो. प्लॉटिंग स्कीममध्ये मोठी रक्कम घालत असाल तरी एकदा दाखवून घ्या. जमीन 500 चौरस मीटरच्या वर असलेल्या स्कीमला महारेराची (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागते, ती आहे का एवढं तर तुम्ही स्वतःही घरबसल्या बघू शकता.

पूर्वी मुंबईचं अजून एक कारण होतं, हायकोर्ट. ते आता बरंचसं संपलं. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालंय आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यातच आहेत. आंबा घाट नाहीतर गगनबावड्याने वर चढलं की झालं, मुंबईच्या गाडीची तिकिटं नकोत. हां, महसुलातलं अपील कोकण आयुक्तांकडे गेलं तर बेलापूर सुटत नाही, आणि तिथे मुंबईचा वकील जवळ पडतो हेही खरं.

गोव्यात घेणाऱ्यांनी ह्यातलं काहीच तसंच्या तसं उचलू नका. पोर्तुगीज काळापासूनचा नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेचा नियम आहे, विकताना दोघांच्या सह्या लागतात, कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या) जमिनी हा तर स्वतंत्र विषय. सावंतवाडीचा वकील कितीही चांगला असला तरी पेडण्याच्या जमिनीला म्हापशाचाच बघा.

फीबद्दल विचारतात म्हणून. ‘केस जिंकलो तर जमिनीत हिस्सा’ असं कोणी म्हणालं तर तो माणूस बार कौन्सिलच्या नियमाबाहेर बोलतोय, नको. वकिलांना जाहिरातीलाही बंदी आहे, त्यामुळे इंटरनेटवर जो सगळ्यात वर दिसतो तो सगळ्यात चांगला असं अजिबात नाही. घरच्या बाईच्या नावावर वाद असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बाईला त्यात उत्पन्नाची अटच नाही, हे फार कमी जणांना माहीत आहे. आणि एजंट म्हणेल आमचा वकील आहे, तुम्ही कशाला वेगळा करता, तर तो एजंटचा वकील आहे, शब्दातच आहे.

मी आता वेंगुर्ल्याकडे एक तुकडा बघतोय. तालुक्यातल्या वकील बाईंकडे सर्च दिलाय, कुडाळच्या फर्मला नुसता सर्व्हे नंबर पाठवून सीआरझेडचं विचारलंय, मोजणीचा अर्ज भरून झाला. तारीख दिवाळीनंतरची मागितली, बाईंनीच सांगितलं, आत्ता रानात गडगा दिसणारच नाही.